मे महिना, दापोलीचं घर आणि बारा माणसांचं जेवण

या वेळचं पत्र पुण्याच्या एका मैत्रिणीचं आहे, नाव नको म्हणाली आहे. पत्र मोठं होतं, थोडक्यात देते.

"ताई, आमचा कॉलेजचा ग्रुप आहे, आम्ही दोघं धरून आठ मोठे आणि तीन मुलं. मे महिन्यात एका शनिवार-रविवारी सगळे आमच्या दापोलीजवळच्या घरी येणार आहेत, सासूबाई तिथेच असतात. गेल्या वर्षीही आले होते. सगळे म्हणत होते निवांत राहायचं, आंबे खायचे, गप्पा मारायच्या, पण मी दोन दिवस ओट्याशीच उभी होते आणि समुद्र पाहिला तो परत येताना गाडीतून. यंदा सगळे म्हणतात की मिळून स्वयंपाक करू. पण सासूबाईंना पाहुण्यांनी कामाला हात लावलेला आवडत नाही. तिघांना मासे हवेत आणि आमच्या घरात मासे चालत नाहीत. एका मित्राला शुगर आहे. खर्चाचं कसं बोलायचं तेही कळत नाही कारण घर आमचं आहे. नवरा चांगला आहे, गाडी तोच चालवणार. मेनू सुचवाल का? की रद्दच करू?"

अगं रद्द अजिबात करू नकोस. चाळिशीत आठ जणांच्या सुट्ट्या जुळून येणं, मुलांच्या परीक्षा संपलेल्या असणं आणि घराला आंगण असणं, हे सगळं एका वर्षात जुळलंय ते सोडायचं नाही. पण मेनूवर यायच्या आधी एक सांगते. तुझ्या पूर्ण पत्रात नवऱ्याचा उल्लेख एकदाच आहे आणि तो गाडीपुरता. घर त्याचं, आई त्याची, आणि मित्र म्हणशील तर एव्हाना त्याचेही झालेत. त्यामुळे या वीकेंडचे यजमान तुम्ही दोघं आहात हे त्याच्याशी बसून आधी बोल, चिडून नाही, सरळ. गेल्या वर्षी मला समुद्र बघायला मिळाला नाही एवढं एक वाक्य पुरेल, चांगला आहे म्हणतेस तर त्याला ते लागेल.

आता सासूबाई. पाहुण्यांनी काम करू नये असं त्यांना वाटतं यात चूक काही नाही, त्यांच्या वेळी घरी आलेल्या माणसाला पाट-पाणी देऊन बसवायचं, त्याच्या हातात विळी द्यायची नाही, हीच रीत होती आणि ती रीत पाळताना त्यांनी आयुष्यभर किती कष्ट केले असतील ते तूच बघितलं असशील. त्यांना 'आता जमाना बदललाय' वगैरे सांगायला जाऊ नकोस. त्यांना विचार. म्हणजे खरंच फोन करून विचार की आई, ही सगळी शहरात वाढलेली माणसं आहेत, फणस कसा फोडतात ते यांनी पाहिलेलं नाही, बिरडं म्हणजे मोड आलेले वाल सोलता येत नाहीत कुणाला, तुम्ही पडवीत खुर्चीत बसून शिकवाल का? पाहुण्यांना कामाला लावणं वेगळं आणि आपल्याला येतं ते चार पोरांना शिकवणं वेगळं, शिकवायला बहुतेक कुठलीच आजी नाही म्हणत नाही. आणि हे मनापासून विचार, कारण तुझ्या ग्रुपला खरंच त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे, ती काय नुसती त्यांना राजी करायची युक्ती नाही.

फोन नवऱ्याने केला तर आणखी चांगलं.

मेनूचं म्हणशील तर माझं मत पक्कं आहे. मे महिन्यात कोकणात दिवसाला एकच मोठं जेवण करायचं, बाकीच्या वेळा हलक्या. आणि कुठला पदार्थ घ्यायचा ते ठरवताना चवीच्या आधी हे बघायचं की त्याचं काम बसून होतं का आणि चार हात एकदम लागतात का. घावणं मला प्रचंड आवडतात पण बारा जणांना घावणं म्हणजे एक बाई दीड तास तव्यासमोर आणि बाकीचे गरम गरम खाऊन उठलेले, तिचं खायची वेळ येईपर्यंत चटणी पण संपलेली असते. म्हणून घावणं, आंबोळ्या, थालीपीठं या वीकेंडला नकोत. दडपे पोहे, बिरडं, आमरस, सांदण, मऊ भात यांना मात्र हात जास्त लागतात आणि गॅस कमी, गप्पा मारता मारता होतात.

शुक्रवारी रात्री पोचणार असाल तर त्या रात्री चूल पेटवायचीच नाही. ताम्हिणीतून येताना माणगावला जेवून घ्या किंवा कुणीतरी पुण्याहून धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणेल. सासूबाईंना आधीच सांगून ठेव नाहीतर त्या अकरा वाजेपर्यंत पिठलं-भात करून वाट बघत बसतील.

शनिवारी सकाळी दडपे पोहे. पातळ पोहे, भरपूर ओलं खोबरं, बारीक कांदा, काकडी, कैरी किसून, नारळ फोडल्यावर निघालेलं पाणी वरून शिंपडायचं आणि अर्धा तास झाकून दडपून ठेवायचे, मग वरून हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी आणि पोह्याचा तळलेला पापड चुरून. गॅस पेटतो फक्त फोडणीपुरता आणि पापडापुरता. एक जण नारळ खवतो, एक कांदा चिरतो, मुलांना काकडी सोलायला द्या. नारळ खवायचं काम ज्याला घरी कधी पडत नाही त्याला द्या, आधी जरा वेळ लागेल पण लागू दे.

आंबे पुण्याहून नेऊ नकोस. तू रत्नागिरी जिल्ह्यात चाललीयस, २०१८ साली कोकणातल्या ज्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन मिळालं त्यातलाच हा एक, तिथे मार्केट यार्डातली पेटी कशाला? गावातल्या बागायतदाराला दोन आठवडे आधी सांगून ठेवायचं की अमुक शनिवारी खायला पाहिजेत, तो त्या हिशोबाने अढी लावतो, गवतात पिकायला आठ-दहा दिवस तरी लागतात. बारा माणसं, दोन दिवस, एक वेळ रस आणि बाकी कापून, तर चार-पाच डझनाची पेटी धर. रसासाठी त्यात डझनभर पायरी मिळाली तर जरूर घे, हापूसच्या रसाला पायरीने जो पातळपणा आणि आंबटगोड चव येते ती नुसत्या हापूसला येत नाही, हे माझं मत आहे आणि मी यावर कुणाशीही भांडायला तयार आहे. आणि चार-पाच फळं जास्तीची ठेव कारण हापूसमध्ये साका निघतो, बाहेरून फळ बघून काही कळत नाही, कापल्यावरच तो पांढरट चिवट भाग दिसतो. मिळालाच तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेला रत्ना पण एकदा मुलांना खाऊ घाल, फळ मोठं असतं आणि मुलांना असं 'हा कुठला, तो कुठला' करत खायला मजा येते.

दुपारचं मोठं जेवण म्हणजे रस-पुरी. सोबत बटाट्याची सुकी भाजी, आंबेडाळ, काकडीची कोशिंबीर आणि तळणीतच कुरडया-मिरगुंडं. एवढंच. वरण-भात पण हवा, मसालेभात पण हवा, एखादी रसभाजी पण हवी असा मोह तुला होणार आहे कारण सासरचं घर आहे आणि कमी पडलं असं कुणी म्हणू नये असं वाटतं. पण रस-पुरी खाल्लेल्या माणसाला भात जात नाही गं, तो उरतो आणि मग रात्री त्याचं काय करायचं हा एक नवा प्रश्न. शिवाय मे महिन्याच्या उकाड्यात शिजवलेला भात दुपारपासून रात्रीपर्यंत बाहेर ठेवून खाणं बरं नाही, पोटं बिघडतात.

हिशोब सांगते. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या साधारण सत्तर-पंचाहत्तर पुऱ्या होतात, बारा जणांना तेवढ्या पुरतात, दोघं खादाड असतील तर पाव किलो कणीक वेगळी काढून ठेव. बटाटे दोन किलो, ते सकाळी नाश्त्याच्या वेळीच कुकरला लावून टाकायचे. आंबेडाळीची अर्धा किलो हरभरा डाळ शुक्रवारी रात्री भिजत घालायची, सकाळी भरड वाटून त्यात किसलेली कैरी, खोबरं, मीठ-साखर आणि फोडणी. ही डाळ कच्ची असते, उन्हाळ्यात पटकन आंबते, म्हणून जेवायच्या तासभरच आधी कालवायची आणि उरली तर संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही.

आंबे तासभर पाण्यात घालून ठेवा. मग पडवीत एक मोठं पातेलं मध्ये आणि त्याच्याभोवती चार-पाच जण, आंबा हाताने माचवायचा, देठाकडचा चीक आधी पिळून टाकायचा, आणि मग साल उलटी करून रस काढायचा. मिक्सर नको. मिक्सरमधला रस गुळगुळीत होतो, हाताच्या रसात मधेच एखादी गुठळी येते जिभेवर, ती पाहिजे. कोयी मुलांना. कपडे खराब होणारच, त्यासाठी जुने टीशर्ट आणायला ग्रुपवर आधीच सांग. रसात साखर घालू नका, हवी त्याने आपल्या वाटीत घ्यावी. तूप आणि चिमूटभर मीठ मात्र ठेवा बाजूला. आणि रसाचं पातेलं परातीत बर्फ घालून त्यात ठेवायचं, गावाकडचा फ्रीज बारा माणसांच्या हिशोबाचा नसतो आणि दुपारी वीज जाण्याची तयारीही ठेवलेली बरी, तेव्हा बर्फाचा एक मोठा डबा दापोलीहून आणणं हे काम कुणाच्या तरी नावावर टाक.

पुऱ्या तळणं हे दिवसातलं सगळ्यात गरम काम आहे. ते तू करायचं नाहीस. मी तर म्हणेन की शनिवारचं दुपारचं जेवण पूर्णपणे तुमच्यातल्या पुरुषांकडे दे, कणीक मळण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. दोघं लाटतील, एक तळेल, दर पंधरा मिनिटांनी तळणारा बदलायचा, गॅस बाहेर अंगणात मांडवाखाली नेता आला तर फारच छान. पहिल्या दहा पुऱ्या फुगणार नाहीत, त्याच्यावर कुणी काही बोलायचं नाही, तू तर अजिबात उठून जायचं नाहीस. हे सगळ्यात अवघड जाणार आहे तुला, मला माहितीये, 'सरका, मी करते पटकन' असं तोंडावर येणार. बसून राहा. ज्या क्षणी तू लाटणं हातात घेशील त्या क्षणी बाकीचे सगळे पाहुणे होतील आणि गेल्या वर्षीचंच सगळं परत होईल.

शुगरवाल्या मित्राबद्दल. त्याने किती आंबा खायचा ते त्याचं त्याला आणि त्याच्या डॉक्टरांना माहीत असेल, तू त्याच्या वाटीवर लक्ष ठेवू नकोस आणि 'एक दिवस काय होतंय' असा आग्रहही कुणी करायचा नाही. आपण एवढंच करायचं की त्याच्या ताटात रस सोडून पोट भरेल असं काहीतरी असायला पाहिजे, आंबेडाळ आहे, कोशिंबीर आहे, चार फुलके त्याच्यासाठी वेगळे होतील, ताक आहे. आणि पन्हं-सरबतं करताना साखर किंवा गूळ घालायच्या आधी थोडा गर बाजूला काढून ठेवायचा, त्यात मीठ-जिरं घालून त्याला द्यायचं, बघ बाकीचे पण तेच मागतील.

दुपारी सगळे झोपणार. झोपू दे. चारनंतर पन्हं. पन्ह्याचा गर आधी करून आणायचं काम पुण्यातल्याच एका मैत्रिणीकडे दे, कैऱ्या उकडून, गर काढून, दीडपट गूळ, वेलची, थोडं मीठ, फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चांगला राहतो, इथे फक्त पाणी घालायचं.

बिरड्याचं आता, कारण माझ्या मते तुमच्या वीकेंडचा सगळ्यात चांगला तास तो असणार आहे. पाऊण किलो कडवे वाल गुरुवारी सकाळी भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, शुक्रवारी तसेच गाडीत घालून आणायचे, शनिवारी संध्याकाळपर्यंत छान लांब मोड येतात. उकाडा फार असेल तर मधे एकदा फडकं सोडून वास बघायचा, चिकटपणा आला असेल तर धुवून परत बांधायचे. समुद्रावरून परत आलात, आंघोळी झाल्या, की मोठ्या परातीत कोमट पाणी घालून त्यात वाल सोडायचे आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. साल मऊ पडते, अंगठा आणि बोटाच्या मधे वाल धरून मोडाच्या उलट्या बाजूने जरासा दाबला की डाळिंबी सुळकन बाहेर येते, कधीकधी समोरच्याच्या मांडीवर जाऊन पडते. तासभर लागतो. या तासात फोन हातात धरता येत नाही कारण हात ओले असतात, टीव्ही नसतो, आणि नजर खाली परातीत असते त्यामुळे माणसं जे एरवी बोलत नाहीत ते बोलायला लागतात, कुणाच्या आईचं आजारपण, कुणाची नोकरी, कुणाच्या घरात काय चाललंय. तुला या मित्रमैत्रिणींना भेटायचंय म्हणजे याच्यासाठीच ना? सासूबाईंना इथे खुर्ची टाकून बसव, त्यांना जुन्या गोष्टी विचारा. सोललेल्या डाळिंब्या स्वच्छ पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये, उसळ उद्या.

मासे. तुझ्या जागी मी असते तर सासूबाईंना एकदाच विचारलं असतं की मागल्या दारी, घरापासून लांब, तीन दगडांची चूल मांडून, वेगळी भांडी आणून केलं तर चालेल का. त्या चालेल म्हणाल्या तर उत्तम, तव्यावर सुरमईच्या तुकड्या तळायला काय लागतं, हळद-मीठ-तिखट, कोकमाचं आगळ म्हणजे खारवलेला रस आणि तांदळाचं पीठ. पण त्या नाही म्हणाल्या तर विषय तिथेच संपला, मुलगा-सून म्हणून तुम्ही दुसऱ्यांदा विचारायचं नाही आणि मित्रांनाही विचारू द्यायचं नाही. त्या बाईंचं घर आहे, बारा महिने त्या तिथे एकट्या राहतात, आपण दोन दिवस जातो. मासे खाणाऱ्या तिघांनी शनिवारी रात्री हर्णैला किंवा मुरुडला एखाद्या घरगुती खानावळीत जाऊन जेवून यावं, आधी फोन करून सांगितलं की ताजं मिळतं. मुलांना घेऊन हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला सगळेच जा, शाकाहारी असलात तरी बघण्यासारखा आहे, बोटीतून पाट्या उतरतात, बायका बोली लावतात, समोर सुवर्णदुर्ग किल्ला. जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते त्यामुळे मे महिना हाच हे बघायचा शेवटचा मोका असतो. घरी राहिलेल्यांना शनिवारी रात्री कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, कांदा, ताक. भाकरी गावातल्या कुणा मावशींकडून पैसे देऊन करून घ्या, भाकऱ्या थापणं हे शिकायचं काम आहे पण भुकेल्या बारा माणसांसमोर शिकायचं नाही.

रविवारी सकाळी मऊ भात. एका मोठ्या पातेल्यात तांदूळ आणि भरपूर पाणी, मीठ, मंद आचेवर ठेवून द्या, मधेमधे ढवळा. वर मेतकूट, तूप, कैरीचं ताजं लोणचं, भाजलेला पोह्याचा पापड. ज्याला जेव्हा जाग येईल तसा तो येऊन वाढून घेईल, कुणी कुणाला वाढायचं नाही.

मग उन्हं चढायच्या आत दोन कामं. एक फणस, बरका म्हणजे मऊ गऱ्यांचा असेल तर सांदणं. फणस अंगणात, खाली जुनी वर्तमानपत्रं किंवा गोणपाट, कोयत्याला आणि सगळ्यांच्या हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोपडायचं, चीक लागला की साबणाने निघत नाही, तेलानेच निघतो. सासूबाई सांगतील तसं कुणीतरी एकाने कोयता चालवायचा, मुलं लांब. गरे काढून चाळणीवर घासून रस काढायचा, एक वाटी रसाला एक वाटी भाजलेला तांदळाचा रवा, गूळ चवीप्रमाणे, चिमूट मीठ, लागेल तसं नारळाचं दूध, तासभर मुरू द्यायचं आणि इडलीपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफवायचं. नारळाच्या दुधाबरोबर खायचं. आठळ्या मिठाच्या पाण्यात उकडून गाडीत खायला. बरका मिळाला नाही तर हीच सांदणं आंब्याच्या रसाची पण छान होतात.

दुसरं काम रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं सरबत घालायचं, झाड तुमच्या परसात नसलं तर शेजारी नक्की असेल. फळं धुवून, अगदी कोरडी पुसून, अर्धी करून आतला गाभा काढायचा, सालीच्या वाट्यांमध्ये साखर भरायची आणि काचेच्या बरणीत एकावर एक रचायच्या, सालीच्या वजनाच्या दीड-दोनपट साखर लागते. तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात. प्रत्येकाने आपापली छोटी बरणी घरून आणायची आणि भरून घेऊन जायची, पुण्याच्या बाल्कनीत सुद्धा ऊन असतंच. आतला गाभा टाकायचा नाही, मीठ घालून सासूबाईंच्या आगळासाठी द्यायचा. हे काम मेच्या शेवटावर ढकलू नका, वळवाचा पाऊस एकदा लागला की झाडावरचे रातांबे खराब होतात आणि ऊनही भरवशाचं राहत नाही. तारीख अजून ठरायची असेल तर पहिला किंवा दुसरा आठवडा धरा.

रविवारचं जेवण बाराच्या आत, डाळिंब्यांची उसळ, गरम भात, सोलकढी, सांदणं. सोलकढीला चार नारळ लागतील, आगळात मीठ असतं म्हणून आधी चव घेऊन मग मीठ घालायचं, आणि ती गरम करायची नाही, फार आधी करूनही ठेवायची नाही, नारळाचं दूध उन्हाळ्यात लगेच उतरतं.

दोन गोष्टी ज्या कुणाच्या डोक्यात येत नाहीत. एक पाणी. मे महिन्यात विहिरी खाली गेलेल्या असतात, बारा माणसांच्या आंघोळी आणि वर दिवसातून चार वेळा भांडी म्हणजे टाकी दुपारीच संपते. सासूबाईंना पाण्याचं कसं आहे ते विचार, लागला तर टँकर सांग, आणि जेवायला पत्रावळी आणा नाहीतर केळीची पानं. दुसरं, भांड्यांना येणाऱ्या बाई असतील तर त्यांना दोन दिवसांचे वेगळे पैसे आधी ठरवून दे आणि जेवायलाही बसव, नुसतं 'जरा पाहुणे येणारेत' म्हणून त्यांच्यावर दुप्पट काम टाकायचं नाही.

पैशांचं तुला अवघड वाटतंय पण ते सगळ्यात सोपं आहे. तू काढू नकोस तो विषय, ग्रुपमध्ये हिशोबाला पक्का असा एक जण असतोच, त्याला फोन कर आणि सांग की खर्च तू सांभाळ, आंबे, किराणा, बर्फ, टँकर, बाईंचे पैसे सगळं एकत्र, मोठी माणसं भागिले, मुलं फुकट. घर तुम्ही देताय ते पुरे आहे. त्याने ग्रुपवर टाकलं की कुणाला काही वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर लोकांना फुकट राहून जेवून जाण्याचंच ओझं होतं, मग पुढच्या वेळी यायला संकोचतात.

आणि 'काहीतरी घेऊन या' असं कुणाला सांगू नकोस, सगळे वेफर्स आणि मिठाईचे बॉक्स आणतील. नावानिशी सांग, तू मेतकूट, तू पन्ह्याचा गर, तू दोन किलो कणीक आणि तेलाचा डबा, तू जाड्या बुडाचं मोठं पातेलं.

निघताना दोनच्या पुढे जाऊ नका म्हणजे ताम्हिणी उजेडात पार होईल. त्याच्या आधीचा अर्धा तास सगळ्यांनी मिळून घर आवरायचं, केर, ओटा, बाथरूम, फणसाचा कचरा परसातल्या खड्ड्यात, सासूबाईंना सोमवारी सकाळी आपल्या मागे काही आवरत बसावं लागता कामा नये. दोन दिवसांत गॅसही बराच जाणार, तेव्हा भरलेला सिलेंडर त्यांच्याकडे शिल्लक राहील असं बघा, त्याचं बुकिंग नवऱ्याला याच आठवड्यात करायला सांग.